चार नंबरचा खण

ही गोष्ट कॉम्प्युटरला माऊस नव्हता तेव्हाची. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि आतली डिस्क फिरायला लागली की सगळ्या खोलीभर घरघर. दवाखान्याच्या तळघरात, जिथे कॅन्सरच्या रोग्यांना किरणांचा शेक देतात, तिथे असा एक कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चौघं, म्हणून त्याचे खण पाडलेले होते. खण म्हणजे कपाटाला असतात तसेच, फक्त डोळ्यांना न दिसणारे. खुर्चीत बसलं की आधी आपला नंबर टाइप करायचा, मग आपला खण उघडायचा. त्यात आपल्याच फायली दिसायच्या. शेजारच्याने काय ठेवलंय ते कळायचं नाही, आणि जाणून घ्यायची कुणाला हौसही नव्हती.

माणसांना नावं होती, पण चिकटले नंबरच. सकाळच्या पाळीची टेक्निशियन तीन नंबर, दुपारची चार नंबर. दोन नंबरचा खण रिकामाच. एक नंबर मोठ्या डॉक्टरांचा. ते त्या कॉम्प्युटरला वर्षात एकदाही हात लावत नसत, तरी खण होताच. मानाचा असतो ना. आणि ह्या सगळ्याचे कर्तेधर्ते जे फिजिक्सवाले सर, त्यांचा खण शून्य नंबरचा. साहजिकच पाठीमागे त्यांना सगळे शून्यसर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. वाईट वाटून घ्यायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

आपल्याला कर्तव्य आहे ते चार नंबरशी. घरी तिला धाकटी म्हणत, तर आपणही धाकटीच म्हणू या.

धाकटीचं काम सांगायला सोपं. रोग्याला मशीनखाली झोपवायचं, जाड दार लावून बाहेर यायचं आणि ठरलेला वेळ शेक द्यायचा. किती वेळ, ते प्रोग्राम सांगायचा. गाठ किती खोल, जागा किती मोठी, डॉक्टरांनी शेक किती द्यायला सांगितलाय, एवढं भरलं की मिनिटं आणि सेकंद पडद्यावर हजर. ते कार्डावर उतरवून घ्यायचे, आणि मग तो रोगी असेपर्यंत तोच आकडा. मेख एकच होती. मशीनच्या पोटातला, किरणं सोडणारा कोबाल्ट महिन्या-महिन्याला थोडा थोडा विझत जातो. म्हणजे पूर्वीइतकाच शेक पोचवायचा तर वेळ जरा जरा वाढवावा लागतो. त्यासाठी शून्यसर दर महिन्याच्या सुरुवातीला प्रोग्राममधला एक आकडा बदलायचे.

आधी प्रत्येक खणात प्रोग्रामची वेगवेगळी प्रत होती. सरांना एकेका खणात शिरून तोच आकडा पुन्हा पुन्हा बदलावा लागे, आणि ते त्यांच्या अगदी जिवावर यायचं. मग कॉम्प्युटरची नवी सिस्टीम आली. तिच्यात एक सोय होती. शून्य नंबरच्या खणात ठेवलेल्या प्रोग्रामवर एक खूण करून ठेवली की तो सगळ्यांना आपापल्या खणातून चालवता येई. प्रोग्राम एक, वापरणारे सगळे. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "आपापल्या प्रती पुसून टाका. कॉम्प्युटर आधी तुमच्या खणात शोधतो. तिथे नाही मिळालं, तरच शून्यात येतो. तेव्हा तुमचे खण मोकळे पाहिजेत."

सगळ्यांनी पुसल्या. धाकटीनेही पुसली, अगदी इमानदारीत.

मग एका दुपारी घोडं अडलं. सरांनी प्रोग्राम दुरुस्तीला उघडला, अर्धवट ठेवला आणि वरून निरोप आला म्हणून तसेच मीटिंगला निघून गेले. खाली प्रोग्राम चालेना. नवे रोगी बाकावर ओळीने बसलेले, काहींच्या नाकात नळी, काहींना बसवतही नव्हतं. एक म्हातारी बसल्या जागी कलंडली. तिला पाणी पाजता पाजता धाकटीचं डोकं असं फिरलं की विचारू नका. सर खाली आल्यावर तिने मुलाहिजा ठेवला नाही. "सर, तुमच्या खणाला कुलूप लागलं की आम्ही सगळे रस्त्यावर. ही कसली सोय?" सरांनी माफी मागितली, प्रोग्राम सुरू केला. पण धाकटीचा राग काही उतरला नाही. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने शून्यातला प्रोग्राम गुपचूप आपल्या खणात कॉपी करून घेतला. एका ओळीचं काम. निदान आपल्या माणसांना तरी ताटकळायला नको, एवढाच तिचा विचार. चार-आठ दिवसांनी पुसू, असं ती मनात म्हणाली आणि नंतर साफ विसरली.

आता ह्यात वाईट हेतू शोधायचा म्हटलं तर कुठे सापडेल? मी तरी शोधून दमले आहे.

त्या दिवसापासून सर शून्यात आकडा बदलत राहिले आणि तीन नंबरला तो मिळत राहिला. चार नंबर टाइप केला की मात्र कॉम्प्युटर आधी त्या खणात बघायचा, तिथे त्याला प्रोग्राम मिळायचा, आणि पुढे जायचं त्याला कारणच नव्हतं. कोबाल्ट विझत चालला होता आणि धाकटीचा प्रोग्राम जुन्याच दिवसात जगत होता.

काही महिन्यांनी बाकावर एक कुजबुज सुरू झाली. शेकाने तोंड येतं, गिळताना काचा गिळल्यासारखं होतं, कातडी काळी पडते, हे त्या तळघरात सगळ्यांना माहीत. पण दुपारच्या रोग्यांना म्हणे ते कमी होतं. "दुपारच्या ताईंचा हात हलका आहे," असं एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. माणसं पाळी बदलून मागायला लागली. तीन नंबर नाक मुरडायची. "तू काय फुंकर घालतेस का गं त्यांना?"

धाकटी हसायची. पण सुखावायची, हे नाकारून चालणार नाही. घरी जेवताना नवऱ्याला दोन-तीनदा सांगून झालं होतं. ती रोग्याची मान हळू हाताने टेकवायची, चार शब्द बोलायची, तेव्हा हे सगळं त्याचंच फळ असं तिला वाटायचं. कुणालाही वाटलं असतं.

आणि मग थोरलीच्या घशात गाठ निघाली.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दीर फार वर्षांपूर्वी गेले. थोरली शिवणकाम करायची, आणि धाकटी नोकरीला लागली तेव्हा तिची मुलगी थोरलीनेच सांभाळली. सांभाळली म्हणजे काय, वाढवली. दुखण्याखुपण्यात उशाशी बसली, शाळेत पोचवली, पोरीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हाही घरात थोरलीच होती. जीभ मात्र तिखट. धाकटीच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलं नाही. पण आपलं मूल ज्याच्या हवाली करून बिनघोर कामाला जावं, असं दुसरं माणूस धाकटीला ह्या जगात नव्हतं.

थोरलीचं नाव सकाळच्या पाळीत लागलं होतं. धाकटी सरांच्या मागे लागली. "सर, आमच्या जाऊबाईंना दुपारी द्या. माझ्या हाताखालून जाऊ देत."

"घरच्या माणसाचं आपण करू नये म्हणतात," सर म्हणाले.

"मग कुणाचं करावं?" धाकटी म्हणाली. सर हसले आणि नाव बदलून दिलं.

सहा आठवडे दोघी जावा बसने बरोबर गेल्या. थोरलीने कधी एक प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांना विचारला नाही, सरांना नाही. "हिला कळतं ना, मग झालं," म्हणायची आणि टेबलावर पडून राहायची. तोंड आलं, पण थोडंच. आवाज बसला, पण गेला नाही. शेवटच्या दिवशी मोठे डॉक्टरही म्हणाले, फारच छान सोसलंत. थोरली घरी आली ती शेजारीपाजारी सांगत सुटली. बाकीच्यांची काय दशा झाली होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मला धाकटीने फुलासारखं बाहेर काढलं. तोंडाला चव परत यायला लागली होती. जेवणात मीठ कमी-जास्त झालं की ती पुन्हा पहिल्यासारखी टोमणे मारायला लागली, आणि धाकटीला ते टोमणे ऐकून रडू यायचं इतकं बरं वाटायचं.

ह्याला तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी एका पाववाल्याच्या कार्डावर चहा सांडला. हा पाववाला बेकरीत भट्टीवर काम करायचा आणि मशीनला माझी दुसरी भट्टी म्हणायचा. कार्डावरचा आकडा धुऊन गेला. धाकटीला तो पाठ होता, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद, पण पाठ आहे म्हणून लिहिणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. ती जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली, सगळं पुन्हा भरलं. पडद्यावर आलं, दोन मिनिटं सात सेकंद.

काहीतरी चुकीचं भरलं असेल म्हणून तिने पुन्हा भरलं. पुन्हा दोन सात. मग तिचं लक्ष ओळीच्या सुरुवातीला गेलं. तिथे खणाचा नंबर दिसतो. तिथे तीन होतं. सकाळवाली आपला खण तसाच उघडा टाकून गेली होती, आणि धाकटीने घाईत आपला नंबर टाइपच केला नव्हता. तिने चार टाइप केलं, तेच आकडे भरले. एक अठ्ठावन्न.

एकच प्रोग्राम, एकच माणूस, दोन खण आणि दोन उत्तरं. तिने आपल्या खणातल्या फायली बघितल्या. प्रोग्राम तिथे होता. तिने स्वतः ठेवलेला. आठ महिन्यांपूर्वीचा.

आधी तिला पाववाला आठवला नाही, खोटं कशाला बोला. आधी आठवली थोरली. टेबलावर डोळे मिटून पडलेली, हिला कळतं ना म्हणणारी. मग एकेक करून बाकीचे यायला लागले. नळीवाले, ती म्हातारी, आपली पाळी बदलून मागणारे. त्यांचं तोंड कमी का आलं होतं, ते आता लख्ख समोर होतं. त्यांना शेकच कमी मिळत होता. गाठीलाही कमीच मिळत होता.

बाहेर बाकावर सहा माणसं होती. तिने त्यांना थांबायला सांगितलं आणि सरांकडे गेली.

सरांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते येऊन तिच्या खुर्चीत बसले, आधी तीनमधून बघितलं, मग चारमधून.

"दुपारचे सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"मी दर आठवड्याला तपासत होतो," सर म्हणाले. "नमुन्याच्या रोग्याचे आकडे घालून, उत्तर पडताळून. दर आठवड्याला बरोबर यायचं." मग म्हणाले, "मी शून्यातूनच तपासत होतो ना."

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दार लावून बसले तिघं. डॉक्टर चिडले, मग शांत झाले, मग कामाला लागले. जे अजून येतायत त्यांचा शेक वाढवायचा. जे नुकते संपवून गेले त्यांना बोलावून आणखी द्यायचा. ज्यांना महिने उलटले त्यांना फक्त तपासायचं, त्यांच्यासाठी दुसरं काही हातात नव्हतं. "कारण सांगत बसू नका," डॉक्टर म्हणाले. "थोडे शेक वाढवलेत, एवढंच सांगा. माणसं घाबरली तर येणारच नाहीत, आणि मग नुकसान त्यांचंच."

"आणि आमच्या जाऊबाई?" धाकटीने विचारलं.

"तीन आठवड्यांची फट पडलीय. तरी द्यायलाच हवेत. सहा शेक." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "उद्याच आणा. मधे दिवस जातील तसा त्याचा उपयोग कमी. आणि न देऊन चालणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

नाहीच सांगायला हवं होतं. अर्धवट शेकलेली गाठ परत आली की कशी येते, हे धाकटीने त्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं.

बसमध्ये तिने मनात शब्द जुळवले. वहिनी, डॉक्टरांनी सहा शेक वाढवलेत. बस, एवढंच. खोटंही नव्हतं त्यात. घरी पोचल्यावर नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं तर तोही तेच म्हणाला. "सांगू नकोस. सहा दिवस होऊन जाऊ देत. मग काय सांगायचं ते सांग." माणूस सरळ होता आणि सल्लाही सरळ होता. पण थोरलीने ताट पुढ्यात घेतलं होतं, दोन घास पोटात गेल्यावर मान वर करून म्हणाली, "आज आमटी जमलीय हं तुला. नाहीतर माझी जीभ बिघडली असेल अजून." हे असलं कौतुक थोरलीच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं, आणि त्यासमोर धाकटीला ते जुळवलेले शब्द बोलवेनात. आपल्या हातून जे झालं ते झालं, वर हिला फसवून पुन्हा त्याच टेबलावर न्यायचं, हे तिला सोसलं नसतं.

जेवण होऊ दिलं. मग थोरलीच्या खोलीत जाऊन खाली बसली आणि सगळं सांगितलं. खण, प्रोग्राम, आकडा, सगळं. काही लपवलं नाही, स्वतःला पदराआड घेतलं नाही.

थोरलीच्या हातात एक झगा होता, गळपट्टी उसवायला घेतलेली. ती उसवतच राहिली.

"म्हणजे मला त्रास कमी झाला," ती म्हणाली, "तो ह्यामुळे."

"हो."

"आणि मी गावभर सांगत फिरले."

धाकटीने मान खाली घातली.

"गाठ गेली का मग?"

"आत्ता दिसत नाहीये. पण राहिली असेल तर..." धाकटी म्हणाली. "म्हणून तर सहा शेक घ्यायचेत, वहिनी. उद्यापासून. सकाळच्या पाळीला, सर स्वतः उभे राहणार आहेत. मी तो प्रोग्राम माझ्या खणातून पुसून टाकलाय. आता सगळं शून्यातूनच चालेल. आता चुकायचं काही कारणच नाही."

"तेव्हाही नव्हतंच ना कारण," थोरली म्हणाली. रागाने नाही म्हणाली. गळपट्टी सुटून आली होती, ती तिने बाजूला ठेवली. "तू म्हणालीस, वहिनी निर्धास्त राहा. मी राहिले. मला त्यातलं काय कळतंय? खण की काय म्हणतेस ते. मला तू कळत होतीस."

"वहिनी, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. बोलू नका आयुष्यभर. पण उद्या या."

"तुझ्यावर राग नाही गं माझा. राग असता तर सोपं होतं." तिने खिडकीकडे पाहिलं. "पण परत त्या दाराच्या आत मी एकटी पडून राहायचं, आणि बाहेर कोणत्या खणात काय चाललंय ते बघायला मी नाही. पहिल्यांदा मी तुझ्या भरवशावर पडून राहिले. आता कशाच्या भरवशावर पडू?"

धाकटीने थोरलीचे पाय धरले, रडली. आकडे पुन्हा सांगितले, परत आलेली गाठ कशी असते तेही सांगितलं, जे कुणाला सांगू नये ते. मुलीची शपथ घातली. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. थोरलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोरीच्या ठेवावा तसा, आणि कितीतरी वेळ काढला नाही. मग म्हणाली, "तू का सांगितलंस मला? काही न सांगता नुसतं चला म्हणाली असतीस ना, तर चपला घालून निघाले असते मी."

सकाळी धाकटी लवकर तयार झाली. दोघींच्या तिकिटांचे सुटे पैसे वेगळे काढले, थोरलीची फाइल पिशवीत घातली आणि तिच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी, चला."

दार उघडलं. थोरली कालच्याच साडीत होती. हातात धाकटीचा डबा होता, नेहमीसारखा भरून, फडक्यात घट्ट बांधलेला. तो तिने धाकटीच्या हातात दिला.

"तुझी बस चुकेल," ती म्हणाली. "जा तू."